झिपरीचं चौथं सड

तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, म्हणून तिला सगळे तोफ म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर ‘मोठ्या वहिनी’. पण तिला ते माहीत होतं, आणि मनातून आवडायचंही. दूध केंद्रावरच्या माणसाने एकदा गमतीत तिच्या कॅनवर खडूने छोटीशी तोफ काढली, तर तिने ती पुसली नाही. नीट निरखून पाहिली आणि म्हणाली, “चाकं विसरलास. आणि फॅट कमी लावलंस तर गोळा पण येईल.”

तोंड जितकं कडक, तितका हात मऊ. नवऱ्याचा जुना शर्ट अंगात, बाह्या कोपरापर्यंत वर, केसांवर फडकं, अशी ती सकाळी गोठ्यात शिरायची ती शिव्या देतच. “उठा महाराणी, का पायघड्या घालू?” “सरक गं सटवे, तुझ्या बापाचा गोठा आहे का?” आणि त्या गायी अशा चमत्कारिक, की शिव्या ऐकल्या की पान्हा सोडायच्या. दुसरं कोणी गोड बोलून बसलं तर लाथ. तिचे सासरे म्हणायचे, “या पोरीच्या हातात लोणी आहे आणि जिभेवर दाभण.” सासरे गेले, पण वाक्य घरात राहिलं.

गोठा घराच्या पाठीला चिकटून. वर पत्रा, खाली उताराची फरशी, फरशीच्या कडेने मोरीकडे जाणारी गटारी. स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामधल्या भिंतीत दोन झडपांची एक बुटकी खिडकी होती. तोफ अर्धा संसार त्या खिडकीतून करायची. एका हाताने फोडणी, आणि मान खिडकीत घालून आरडाओरडा: “अहो, तिच्यापुढची घमेली उचला, पाय घालेल!” नवरा घमेली उचलायचा. तो घरातला शांत माणूस. कुठल्याही प्रश्नाला त्याचं एकच उत्तर असायचं: “बघू.”

आणि या सगळ्याच्या मधोमध उभी असायची झिपरी.

कपाळावरचे केस डोळ्यांवर यायचे म्हणून झिपरी. जन्माला आली तीच उलटी, पाय पुढे; तेव्हा तोफेने कोपरापर्यंत हात घालून तिला ओढून काढली होती. ती मोठी झाली, व्याली आणि एकटी दोन गायींइतकं दूध देऊ लागली. बाकीच्या गायी म्हणजे नाटकातल्या गर्दीतल्या बायका. येत, उभ्या राहत, जात. घर चालायचं ते झिपरीच्या चार सडांवर. पेंड त्यातून, विजेचं बिल त्यातून, धाकट्या दिराच्या केसांचं तेलसुद्धा त्यातून.

या धाकट्याच्याच डोक्यात टेम्पो शिरला.

“वहिनी, हिशोब साधा आहे,” तो एका सकाळी जेवता जेवता म्हणाला.

“साधा हिशोब तू केलास म्हणजे त्यात वजा मीच असणार. बोल.”

“केंद्राला दूध घालणं बंद. आपला टेम्पो, आपलं दूध, घरोघर आपणच रतीब घालायचा. मधला माणूस गेला की राहिलं ते आपलं.”

“आणि टेम्पो कुठून येणार? आभाळातून?”

धाकट्याने ताटात बोट फिरवलं. त्याची बायको, धाकटी, ओट्याशी उभी होती. तिने नवऱ्याकडे न बघता पाण्याचा तांब्या उचलला आणि उगाच पुन्हा तिथेच ठेवला. तोफेला काय ते कळलं.

“झिपरी?”

“नुकती व्यालीय, ऐन भरात आहे. आत्ता जी किंमत येईल ती पुढच्या वेताला येणार नाही.”

“दूध देणारी विकून टेम्पोत भरणार काय? वारा? दारोदार वाऱ्याचा रतीब घालणार? भांडी आणा हो बायांनो, ताजा वारा आलाय!”

धाकटीला हसू आलं, तिने पदर तोंडाला लावला. धाकट्याचे कान लाल झाले. “बाकीच्या गायी आहेत ना. दादा, तू सांग काहीतरी.”

“बघू,” नवरा म्हणाला.

“तुम्ही मला बघायला आलात तेव्हाही बघूच म्हणाला होतात,” तोफ त्याच्यावर उखडली. “अजून बघताय!”

पण बघायचं काही राहिलंच नव्हतं. धाकट्याने गिऱ्हाईक आधीच बोलावलं होतं. पलीकडच्या रस्त्यावर मोठा गोठा असलेला एक मालक, ज्याला सगळे गॉगलवाला म्हणायचे, तो परवा सकाळी गाय बघायला येणार होता. आणि म्हणून, धाकटा खाली बघत म्हणाला, उद्या सकाळची धार काढली की पुढे काढायची नाही. संध्याकाळची चुकवायची, परवा सकाळचीही चुकवायची.

याला धंद्यात कास तुंबवणं म्हणतात. गाय विकायची असली की आधी तिची धार चुकवायची. दूध आतल्या आत साठतं, कास फुगून घागरीसारखी होते, सडं ताठ होऊन चार दिशांना बघतात. घेणारा खूश, विकणारा खूश. मधे गाय असते, तिला कोणी विचारत नाही.

“ओल्या बाळंतिणीला पाजायचं बंद करून बघ, म्हणजे कळेल तुंबणं काय असतं!” तोफ ओरडली. “दगडी झाली तर? कासेचा दगड झाला तर टेम्पोत घालून फिरवणार आहेस का तो?”

“बाबांनी आयुष्यभर हेच केलं, वहिनी. सगळेच करतात. न तुंबवता गाय उभी केली तर तो म्हणेल, तुंबवून एवढीच भरली? म्हणजे मुळात दूधच नाही. त्याच्या डोळ्यांत तुंबलेलंच माप बसलंय. मी काय करू?”

हे खरं होतं. याचाच तिला जास्त संताप आला. गुरांच्या त्या बाजारात सगळेच इतकं खोटं बोलायचे की खरं बोलणारा मुका वाटायचा. सासऱ्यांनी बाजाराच्या आदल्या दिवशी धार चुकवली की ती स्वतः गायीच्या पाठीवरून हात फिरवत बसायची, पण बादली घेऊन बसली नव्हती कधी. तेव्हा निभावलं होतं, आणि निभावतं तोवर त्याला रीत म्हणतात.

आता तिच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की तोफ जे करायची तेच तिने केलं. ताट सरकवलं आणि उभी राहिली.

“मग करा! तुमची गाय, तुमचा गोठा, तुमचा टेम्पो. उद्या सकाळची धार काढते, त्यानंतर मी हात लावणार नाही. गोठ्यात पाय ठेवला तर नाव बदला माझं!”

अशा शपथा तिने जन्मभर घेतल्या होत्या. तासाभरात कोणीतरी यायचं, “वहिनी, सोडा ना,” म्हणायचं, ती दोन गोळे आणखी टाकायची आणि पुन्हा कामाला लागायची. तिचा राग म्हणजे दाराला आतून लावलेली कडी होती. कोणी ठोठावलं की उघडायची. या वेळी कोणी ठोठावलंच नाही. धाकटा म्हणाला, “ठीक आहे वहिनी,” आणि हात धुवायला गेला. त्याला तर हेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धारेची वेळ झाली आणि झिपरी हंबरली.

तोफ ओट्याशी भाजी चिरत होती. खिडकी उघडीच होती. झिपरी पुन्हा हंबरली, या वेळी लांब.

“ताई, ती हाक मारतेय,” धाकटी म्हणाली.

“मालकाला मारतेय. मालक येईल.”

“मालकाला तिची भाषा कुठे येते?”

“मग क्लास लावा म्हणावं.”

नवरा दारात येऊन उभा राहिला. “जा ना तू. थोडं हलकं कर तिला.”

“मी शब्द दिलाय.”

“शब्द दिलास की धमकी?”

“माझ्या तोंडात दोन्ही एकच असतं! आणि तुम्हाला एवढा कळवळा असेल तर तुम्ही बसा बादली घेऊन. का तेही बघू?”

नवरा गेला. तो बादली घेऊन बसला नाही. भावाशी भांडण नको होतं त्याला. तोफेने भाजीत दोनदा मीठ घातलं.

सकाळी गॉगलवाल्याचा फोन आला: काम निघालंय, आज नाही, उद्या येतो. धाकट्याने फोन खिशात ठेवला आणि थोडा वेळ झिपरीकडे बघत राहिला. धार काढली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून त्याने मधला मार्ग काढला. स्कूटरची चिखलाने भरलेली चाकं धूत होता, तसाच उठला, हात पँटला पुसले, आणि प्रत्येक सडातून घोटभर दूध पिळून “झालं हलकं” म्हणत उठला. अर्धवट पिळलेली कास, उघडी सडं, खाली न धुतलेली फरशी. झिपरीला उभं राहवेना. ती शेणात बसली.

दुपारनंतर तिच्या सडांतून दूध आपोआप ठिबकायला लागलं. तोफेने ते खिडकीतून पाहिलं. फरशीवरच्या काळ्या ओलीतून एक पांढरी रेघ निघाली होती आणि गटारीकडे चालली होती. झिपरीने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. केसांच्या झुपक्याखालून तिचा एकच डोळा दिसत होता.

तोफेचा हात पुढे गेला. आता तरी कोणी म्हणावं, “वहिनी, सोडा ना.” कोणी नव्हतं तिथे.

तिने खिडकीच्या झडपा ओढून घेतल्या आणि खिट्टी लावली.

गॉगलवाला आला तेव्हा धाकट्याने भांग पाडला होता आणि झिपरीलाही धुऊन पुसून उभं केलं होतं. तोफ बंद खिडकीला कान लावून उभी होती. धाकटी तिच्या खांद्याला खांदा लावून.

“वा! कास आहे का हंडा?” गॉगलवाल्याचा आवाज आला.

“घरची पैदास आहे साहेब. स्वभावाने गरीब.”

मग फरशीवर खूर आपटल्याचा आवाज आणि “अगं आई गं!”

“लाथ मारते का?”

“नाही नाही, माशी बसली असेल.”

मग गॉगलवाला म्हणाला, “ही गरम लागतेय.”

“ऊन किती आहे साहेब.”

“ऊन काय मागच्या उजव्या सडालाच लागतं?”

तोफेने डोळे मिटले. बाहेर त्याने सड पिळलं असणार, पण बादलीत धारेचा आवाज आलाच नाही. पिचकारी मारल्यासारखं काहीतरी फरशीवर पडलं.

“हे बघ. पिवळं पाणी, आणि त्यात दह्याच्या कवड्या. दगडी झालीय हिला.” तो चिडलासुद्धा नव्हता, तोफेला त्याचंच जास्त वाईट वाटलं. “मी कास घ्यायला आलो होतो. दगड माझ्याकडे घराच्या पायाला पुरून उरलेत.”

त्याची गाडी सुरू झाली आणि त्याच वेळी खिडकी धाडकन उघडली. तोफ दारातून जायलाही थांबली नाही, अर्धी खिडकीतूनच बाहेर आली.

“झालं समाधान? फुगवलास फुगा? आता बांध त्याला दोरी आणि फिर गावभर! स्कूटरचा चिखल हाताला, आणि तो हात सडाला! अरे, स्वतःच्या ताटाला लावशील का असा हात? भांग पाडायला वेळ आहे तुला, हात धुवायला नाही!”

“मला काय माहीत होतं—”

“दुधावर वाढलास रे, दुधावर! तुला माहीत नाही तर काय त्या भिंतीला माहीत असणार?”

ती फिरून गोठ्यात आली, शिव्या देतच झिपरीशी बसली आणि हात लावला. झिपरीने तिला लाथ मारली. नडगीवर, जोरात. आजवर कधी मारली नव्हती.

“मार,” तोफ म्हणाली. “आणखी मार.”

जनावरांची डॉक्टर मोटरसायकलवरून आली. थकलेली बाई, बूट कुठल्या तरी दुसऱ्या गोठ्यात भिजलेले. तिने ताप पाहिला, कास चाचपली, काळ्या वाटीत धार घेऊन उजेडात धरली.

“धार कधीपासून नाही काढली?”

धाकट्याने दादाकडे पाहिलं, दादाने तोफेकडे, तोफेने खिडकीकडे.

“मी गायीलाच विचारू का?” डॉक्टर म्हणाली.

नवऱ्याने शेवटी सांगितलं. डॉक्टरने मान हलवली. तिच्यासाठी ही गोष्ट नवी नव्हती. तिने इंजेक्शन दिलं, सडात औषधाची ट्यूब सोडली, आणि सांगितलं: हिची धार सगळ्यांच्या शेवटी काढायची, पुन्हा पुन्हा काढायची, आधी आणि नंतर हात साबणाने धुवायचे. औषध चालू आहे तोवर आणि संपल्यावरही मी सांगेपर्यंत हिचं दूध ना कॅनमध्ये, ना वासराला.

“सड वाचेल ना?” तोफेने विचारलं.

“बाकीची तीन वाचतील. या चौथ्याचं सांगत नाही. गेलं तर गाय खाईल चार सडांचं, देईल तीन सडांचं. पोटाला थोडंच कळतं सड गेलंय म्हणून?”

त्यानंतरचे दिवस तोफ जळत होती. गोठ्यातलं सगळ्यात जास्त दूध तीच काढायची आणि तीच मोरीत ओतायची. पांढरी धार गटारीतून वळणं घेत जायची, आणि तिच्या पाठीमागे झिपरी आरामात पेंड खायची. औषध विकत, पेंड विकत, डॉक्टरच्या फेऱ्या विकत, आणि दूध मोरीला फुकट. वर गल्लीतले शहाणे. एक म्हणाला, “गाय उभी आहे ना? मग काय झालं?” तोफ त्याच्यावर तुटून पडली. “गाय मेली असती तर तुम्ही भेटायला तरी आला असतात! विमावाल्याने फोटो काढला असता! सड मेलं की कोण येतो? ना रडायला माणूस, ना भरपाईला कागद! रोज थोडी थोडी मरते आणि रोज पोटभर खाते, हा आजार कोणाच्या बापाला दिसतो?”

एका सकाळी ती हात धुऊन मागे वळली, तर नवरा झिपरीची बादली कॅनकडे नेत होता. चौथं सड त्याने वगळलं होतं. बादलीत तीन सडांचं दूध होतं, वर फेस.

“कुठे चाललात?”

“अगं, दिसतंय तर पांढरंच.”

“पांढरा तर चुनाही असतो!” तिने बादलीला पाय मारला. बादली लोळत गेली, दूध फरशीभर झालं. “औषधाचं दूध लोकांच्या लेकरांच्या पोटात घालणार? आणि केंद्रावर पकडलं तर आपला अख्खा कॅन परत, मग बाकीच्या गायींचंही ओतत बसा!”

आणि तेव्हा घरात कधी झालं नव्हतं ते झालं. शांत माणूस ओरडला.

“मग आणू कुठून? पेंडवाला दारात उभा राहतो, त्याला काय सांगू, बायको तत्त्वाची आहे? सगळ्यांवर तोंड सोडतेस! धाकट्यावर, माझ्यावर, त्या गल्लीतल्या माणसावर! तू कुठे होतीस? भिंतीच्या पलीकडे तर होतीस! एक हात लांब होती ती! तू का नाही काढलीस धार?”

तोफेने तोंड उघडलं. गोळा आलाच नाही.

धाकटी दारात चहाचे कप घेऊन उभी होती. ती हळूच आत गेली. नवरा बादली उचलून धुवायला लागला. तोफ तशीच उभी राहिली; तिच्या पायाखालून दूध वाहत होतं.

त्या दिवसापासून ती बोलली कमी आणि राबली जास्त. पण चौथं सड गेलं. आधी त्यातून पाणी येत होतं, मग थेंब, मग काहीच नाही. मागच्या उजव्या बाजूची कास आक्रसून बसली.

औषध संपलं, डॉक्टरने बाकीच्या तीन सडांचं दूध चांगलं म्हणून सांगितलं, आणि धाकट्याने नवं गिऱ्हाईक आणलं.

कपडे शिवणारा एक शिंपी आणि त्याची बायको. दुकान बंद करून आयुष्यातली पहिली गाय बघायला आले होते. शिंप्याच्या गळ्यात सवयीने टेप लटकत होती. धाकट्याने सकाळी तोफेला म्हटलं होतं, “वहिनी, झिपरीची धार मी काढली आज, तुमची कंबर दुखत असेल.” तिच्या कंबरेची आजवर त्याला कधी आठवण झाली नव्हती. थोड्या वेळाने पाहिलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीवर बाहेरून पोतं टाकलेलं.

पोत्याच्या पलीकडून आवाज येत होते.

“मला यातलं कळत नाही हो,” शिंपी म्हणत होता. “पण मागून उजवीकडे शिवण जरा आखूड वाटते.”

“ती त्या कुशीवर बसते ना. आणि बाकी इतकी भरलीय की तिकडे ओढल्यासारखं दिसतं.”

“किती भरलीय बघा की,” शिंप्याची बायको कौतुकाने म्हणाली. “ओझ्याने बिचारीला उभं राहवत नाही.”

आणि झिपरी हंबरली. तीच हाक, लांब, खिडकीच्या दिशेने.

तोफेच्या हातात दाणे निवडायचं सूप होतं. ते तिने जमिनीवर ठेवलं. हात साबणाने धुतले, बोटांच्या मधूनसुद्धा. कोपऱ्यातली बादली उचलली. धाकटी तिच्याकडे बघत होती.

“ताई?”

“खिडकीवरचं पोतं काढ,” तोफ म्हणाली आणि दारातून बाहेर पडली.

तिला बघून धाकट्याचा चेहरा पडला, पण त्याने हसू ओढून आणलं. “वहिनी, पाहुणे आलेत. जरा चहा—”

“चहाला दूध लागतं ना? काढते.”

“आत्ता नको! आत्ता—”

“सरक.”

ती बसली. “ये गं झिपरे, ये सटवे,” म्हणाली, आणि झिपरीने पान्हा सोडला. तीन सडांतलं दूध बादलीत घुमायला लागलं. फेस वर चढला. शिंप्याची बायको टाळी वाजवायचीच राहिली.

मग तोफेने चौथं सड हातात घेतलं.

“इकडे या हो ताई. तिथे बादलीत पाणी आहे, आधी हात धुवा. आता हे धरा. दाबा.”

शिंप्याच्या बायकोने भीत भीत दाबलं. पुन्हा दाबलं. “काहीच येत नाही.”

“येणार नाही. ते मेलंय.” तोफ उठली नाही, बसल्या जागेवरून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. “आपोआप नाही मेलं. आम्ही मारलंय. याने कास तुंबवली, तुम्हाला दाखवायला आजही तुंबवलीय. माझ्या नवऱ्याने बघू म्हटलं. आणि मी त्या खिडकीपलीकडे उभी राहून ऐकलं आणि खिडकी लावून घेतली. माझा राग मोठा होता ना! रागाचं दूध निघत असतं तर आज माझ्या दारात टेम्पो काय, रेल्वे उभी असती!”

शिंप्याने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“कमी करू आपण, किंमत कमी करू,” धाकटा घाईने म्हणाला.

“नको हो,” शिंपी म्हणाला. “तुमच्याकडे पाच आहेत, एखादी अशी चालून जाईल. मला एकच घ्यायचीय. एकीचंच एक सड बंद म्हणजे...”

त्यांना चहा मिळाला. झिपरीच्याच दुधाचा. पिऊन ते गेले.

मग धाकटा फुटला. “घर बुडवलंत वहिनी! आता बाजारभर होईल, या घरची बाई गिऱ्हाइकाच्या हातात सड देते म्हणून! दलाल दारात उभा राहणार नाही आपल्या! टेम्पो गेला माझा!”

“टेम्पो चार चाकांवर चालतो. एक चाक तू पंक्चर केलंस, एक तुझ्या दादाने, एक मी. चौथ्यावर त्या शिंप्याला ढकलत नेणार होतास?”

“सगळे करतात!”

“सगळ्यांच्या गोठ्यात जाऊन ओरडायला मला वेळ नाही!” ती ओरडली. “या गोठ्यात कोणी धार चुकवली तर मी त्याला त्या खुंटीला बांधीन, आणि संध्याकाळपर्यंत मोरीवर जाऊ देणार नाही! मग कळेल तुंबवणं!”

आत धाकटीला ठसका लागला. हसण्याचा होता की कशाचा, कळलं नाही.

धाकटा म्हणाला ते खरं झालं. दलाल यायचे बंद झाले. त्यांच्या दावणीची गाय बाजारात नेली की लोक हसून विचारायचे, “वहिनी बरोबर आहेत का? मग दाखवूच नका.” धाकटा आता टेम्पो चालवतो, पण दुसऱ्याचा, पगारावर. तोफेशी बोलतो, पण मोजकं. नवरा अजूनही ‘बघू’ म्हणतो; फक्त म्हणण्याआधी बादली उचलतो. स्वयंपाकघरातल्या खिडकीला आता झडपा नाहीत. त्या तोफेने बिजागऱ्यांसकट उपटल्या आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावल्या. थंडीत तिथून बोचरा वारा येतो, भाकरी गार होते, आणि सगळे गपचूप गार भाकरी खातात.

झिपरी आहे. खाते चार सडांचं. हे तोफेला रोज खुपतं, आणि ते खुपणं कमी होत नाही. कारण हाताला अजून कळलेलं नाही. सगळ्यांच्या शेवटी ती झिपरीशी बसते, एक, दोन, तीन सडं रिकामी करते, आणि हात आपला सवयीने चौथ्यावर जातो, आवळतो, आणि त्यातून काही येत नाही. मग ती एक शिवी घालते. रोज एकच, पण अशी खणखणीत की गल्लीतल्या लोकांना कळतं, मोठ्या वहिनींची धार आटोपली, आता कॅन घेऊन केंद्राकडे निघायला हरकत नाही.

ती शिवी कोणाला असते, हे तिने कधी सांगितलेलं नाही. धाकट्याला वाटतं आपल्याला. नवऱ्याला वाटतं आपल्याला. धाकटी आता शेजारच्या गायीशी धार काढायला बसते, हात हळूहळू बसतोय तिचा. एका सकाळी शिवी झाली आणि तिने गायीच्या पोटाखालून मान काढून विचारलं, “ताई, आज कोणाला?”

तोफ बादली उचलत होती. तिने चौथ्या सडाकडे पाहिलं, मग झडपा नसलेल्या खिडकीकडे.

“आज माझा नंबर होता,” ती म्हणाली. “आणि तू इकडे काय बघतेस? तिकडे बघ! शेवटच्या धारेपर्यंत काढ, आत थेंब ठेवलास तर याद राख!”